विश्लेषण : सरकी, करंज, मोहाच्या आर्णीत बायोडिझेल का तयार होत नाही?

डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्यासाठी ठरलेले २०३० साल जवळ आले आहे. देशातील प्रत्यक्ष मिश्रण मात्र अजून एक टक्क्याच्याही खाली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीसारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात तेलबिया आहेत, डिझेलचे गिऱ्हाईक आहे आणि रोजगाराची गरजही आहे. तरीही तेलापासून इंधन बनवण्याचा उद्योग तिथे उभा राहत नाही. अनुदान आणि दर ही कारणे नेहमी सांगितली जातात. त्यांच्याआधी येणारे एक कारण रसायनशास्त्रातले आहे : तेलाचे इंधन किती वेगाने होते, कुठे थांबते आणि कशामुळे मागे फिरते.

चर्चा आता कशासाठी?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठले. त्याचा थेट लाभ साखर कारखान्यांच्या पट्ट्याला झाला. डिझेलची गोष्ट उलटी आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने २०११-१२ पर्यंत २० टक्के मिश्रणाचा आराखडा मांडला. त्यासाठी १ कोटी १२ लाख हेक्टरवर जट्रोफा, म्हणजे मोगली एरंड, लावायचा होता. त्याच्या आधीच, ३१ डिसेंबर २००२ रोजी, दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के बायोडिझेलवर धावली होती. लागवड झाली तिथे झाडे वाढली, पण बियांचे उत्पन्न आराखड्यातल्या आकड्यांच्या जवळपासही गेले नाही. २००९ च्या धोरणाने २० टक्क्यांचे तेच लक्ष्य २०१७ वर ढकलले. २०१८ च्या धोरणाने ते पाच टक्क्यांवर आणले आणि मुदत २०३० केली.

देशाला वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल लागते. त्याचे पाच टक्के म्हणजे ४५ लाख टन. भारतात सर्व स्रोतांतून मिळून साधारण १२० लाख टन खाद्यतेल तयार होते आणि त्याहून जास्त आयात करावे लागते. म्हणजे चांगले, ताजे, खाण्याजोगे तेल इंधनाकडे वळवणे शक्य नाही, आणि वळवूही नये. मग उरते ते अखाद्य बियांचे तेल, तळून झालेले तेल आणि रिफायनरीतून बाहेर पडणारे ॲसिड ऑइल. थोडक्यात, बायोडिझेलच्या वाट्याला खराब तेल येते. आर्णीची अडचण इथून सुरू होते.

तेलाचे डिझेल होते म्हणजे नेमके काय होते?

तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरिनच्या कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. असे तेल दाट असते. इंजिनाच्या नोझलमधून त्याचा नीट फवारा होत नाही आणि काजळी धरते. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून गरम करत ढवळले, की तिन्ही साखळ्या एकामागून एक कण्यापासून सुटतात आणि मिथेनॉलला जोडल्या जातात. या सुट्या झालेल्या साखळ्या म्हणजे बायोडिझेल. ग्लिसरिन जड असल्याने तळाशी बसते. या क्रियेला ट्रान्सएस्टरिफिकेशन म्हणतात.

हिशेब सोपा आहे. १०० किलो तेलाला सुमारे ११ किलो मिथेनॉल पुरते. त्यातून साधारण १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरिन मिळते. प्रत्यक्षात मात्र मिथेनॉल दुप्पट, म्हणजे २२ किलोच्या आसपास घालावे लागते. कारण ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. तेलाचे इंधन होत असतानाच, भांड्यात साठलेले ग्लिसरिन काही इंधन पुन्हा तेलाकडे ओढत असते. मिथेनॉलची गर्दी केली तरच पुढची दिशा जिंकते. वापरून उरलेले मिथेनॉल नंतर उडवून परत मिळवता येते, पण त्यासाठी इंधन, यंत्र आणि कुशल माणूस लागतो.

ही अभिक्रिया किती वेगाने होते?

अपेक्षेपेक्षा फार वेगाने. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी शुद्ध सोयाबीन तेलावर केलेले प्रयोग १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. आजही या विषयाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. मिथेनॉल गरजेच्या दुप्पट आणि कॉस्टिक सोडा एक टक्का घेतल्यावर, ६० अंश सेल्सियसला अवघ्या सहा मिनिटांत ९४ टक्के रूपांतर झाले. ४५ अंशांना तेवढ्याच वेळात ८७ टक्के आणि ३२ अंशांना ६४ टक्के. तासाभरानंतर पाहिले तर ६० आणि ४५ अंशांचे निकाल सारखे होते आणि ३२ अंशांचा किंचित कमी.

विदर्भातील वाचकाला हे आकडे वेगळ्या अर्थाने ओळखीचे वाटतील. ४५ अंश म्हणजे मे महिन्यातील यवतमाळची दुपार. उन्हात ठेवलेल्या टाकीइतक्या उबेत, तासभर नीट ढवळले तरी शुद्ध तेलाचे इंधन होते. महागडे बॉयलर, प्रचंड दाब यांची गरज नाही. ‘गावातच बायोडिझेल बनवा’ या घोषणेला बळ मिळाले ते याच सोपेपणामुळे. यूट्यूबवर प्लास्टिकच्या बाटलीत बायोडिझेल करून दाखवणारे खोटे बोलत नसतात. ते फक्त पहिली सहा मिनिटे दाखवतात.

मग अडते कुठे?

शेवटच्या काही टक्क्यांत. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात नौरुद्दिनी आणि झू यांनी १९९७ मध्ये सोयाबीन तेलावरच या क्रियेचे तिन्ही टप्पे सुटे करून प्रत्येकाचा पुढे आणि मागे जाण्याचा वेग मोजला. रूपांतराचा आलेख सरळ चढत नाही, असे त्यात दिसले. सुरुवातीला तो जवळजवळ सपाट असतो, मग एकदम उभा चढतो आणि शेवटी पुन्हा सपाट होतो.

सुरुवातीचा संथपणा तापमानाचा नसून मिसळण्याचा आहे. तेल आणि मिथेनॉल एकमेकांत विरघळत नाहीत. फोडणीतल्या तेलावर पाण्याचा थेंब जसा वेगळा राहतो, तसेच. दोन्ही द्रव भिडतात त्या पृष्ठभागावरच क्रिया होते. जोराने ढवळले तर थेंब बारीक होतात, पृष्ठभाग वाढतो आणि हा काळ आखडतो. एकदा थोडे बायोडिझेल तयार झाले, की तेच दोघांना जवळ आणते आणि क्रिया धावू लागते.

शेवटचा सपाटपणा जास्त त्रासाचा आहे. ५० अंश तापमानाला मधल्या टप्प्याचा, म्हणजे दोन साखळ्यांच्या रेणूतून एक साखळी सुटण्याचा, पुढे जाण्याचा वेगांक ०.२१५ आला. मागे फिरण्याचा आला १.२२८. एककं तीच. म्हणजे मधली पायरी पुढे जाण्यापेक्षा मागे येण्यास साडेपाच पटींहून अधिक उत्सुक असते. तिसऱ्या पायरीचा मागे येण्याचा वेगांक फक्त ०.००७ आहे, म्हणून एकंदर गाडी पुढे जाते. पण ती पूर्ण पोहोचत नाही. अर्धवट सुटलेले रेणू इंधनात राहून जातात.

राहिले तर काय बिघडले? भारतीय मानक संस्थेच्या आयएस १५६०७ या मानकानुसार बायोडिझेलमध्ये किमान ९६.५ टक्के एस्टर असावे लागते. एकूण ग्लिसरिन, म्हणजे सुटे आणि अर्धवट रेणूंना चिकटलेले मिळून, ०.२५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. आता एकाच साखळीवर अडकलेले रेणू इंधनात केवळ एक टक्का राहिले असे धरा. अशा रेणूच्या वजनात ग्लिसरिनचा वाटा सुमारे २६ टक्के असतो. म्हणजे त्या एक टक्क्यातच ०.२६ टक्के ग्लिसरिन आले. बाकी सगळे निर्दोष असूनही इंधन नापास! शाळेच्या परीक्षेत ९९ गुण म्हणजे कौतुक, इथे मात्र गाडीचा फिल्टर चोंदतो. डिसेंबरातल्या थंड पहाटे हेच रेणू गोठून इंधनाच्या नळीत मेणासारखे बसतात. मग ट्रॅक्टर सुरू होत नाही आणि दोष बायोडिझेलच्या नावावर जमा होतो.

उपाय माहीत आहे. मध्येच थांबून ग्लिसरिन काढून घ्यायचे, ताजे मिथेनॉल व उत्प्रेरक घालायचे आणि दुसऱ्यांदा क्रिया करायची. मागे ओढणारे ग्लिसरिनच नसले, की दुसऱ्या फेरीत रूपांतर पुढे सरकते. मोठ्या कारखान्यांत हे सर्रास होते. पण यात टाक्या वाढतात, वेळ वाढतो आणि नेमके कधी थांबायचे हे सांगणारी चाचणी लागते. ती गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रावर होते आणि असे यंत्र तालुक्याच्या गावी नसते.

आर्णीच्या तेलाची अडचण काय?

वरचे सगळे प्रयोग शुद्ध तेलावरचे आहेत. आर्णी तालुक्यात, किंवा खरे तर नागपूर-नांदेड महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या संपूर्ण कापूसपट्ट्यात, मिळणारे तेल तसे नसते.

कापूस जिनिंगमध्ये गेला की एक क्विंटलमागे ढोबळमानाने एक तृतीयांश रुई आणि उरलेली जवळपास सगळी सरकी निघते. सरकीच्या तेलाचे गिऱ्हाईक फरसाणवाले आणि रिफायनरी, ढेपेचे गिऱ्हाईक दुभती जनावरे. व्यापाऱ्यासाठी ढेप हा जोडधंदा नव्हे, अनेकदा मुख्य धंदा असतो. त्यामुळे सरकी किती लवकर गाळायची, ती कोरडी आहे की ओली, याचा निर्णय तेलाच्या गुणवत्तेवर होत नाही.

इथे गतिशास्त्र दुसऱ्यांदा येते, तेही कारखान्याच्या बाहेर. वेचणीच्या काळात अवकाळी पाऊस झाला, की बोंडातला कापूस भिजतो. सरकीतील ओल दहा टक्क्यांच्या वर गेली आणि ती ढिगात पडून राहिली, की बियांमधील लायपेज हे विकर जागे होते. ते पाण्याच्या मदतीने तेलाच्या साखळ्या तोडते आणि मेदाम्ले मोकळी करते. ढीग आतून तापतो आणि तापल्याने हा वेग आणखी वाढतो. ज्याने सरकीच्या ओल्या ढिगात हात घालून पाहिला आहे, त्याला ही ऊब माहीत आहे. ती ऊब म्हणजे चालू असलेली रासायनिक क्रिया असते आणि तिचे बिल नंतर बायोडिझेलवाल्याला येते.

कसे, ते आकड्यांत पाहू. १०० किलो तेलात पाच टक्के मोकळी मेदाम्ले असतील, तर त्या पाच किलोंना मारण्यात सुमारे ७०० ग्रॅम कॉस्टिक सोडा खर्च होतो. उत्प्रेरक म्हणून घातलेला असतो एक किलो. म्हणजे दोन तृतीयांशाहून अधिक उत्प्रेरक कामाला लागण्याआधीच संपला. शिवाय त्यातून साडेपाच किलोच्या आसपास साबण तयार झाला. साबणाचे काम तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवण्याचे. त्यामुळे ग्लिसरिन तळाशी बसत नाही, धुताना फेस होतो आणि बरेचसे इंधन फेसाबरोबर गटारात जाते. फ्रीडमन यांच्या अभ्यासाने मोकळ्या मेदाम्लांची मर्यादा अर्ध्या टक्क्याच्या आसपास घातली होती. पाच टक्के म्हणजे त्याच्या दहापट.

अशा वेळी ‘उत्प्रेरक वाढवा’ हा सल्ला हमखास मिळतो. त्याने साबणच वाढतो.

धुण्याच्या पाण्याचा मुद्दाही छोटा नाही. एका लिटर इंधनामागे एक-दोन लिटर पाणी सहज लागते आणि साबण जास्त असेल तर त्याहून अधिक. हे पाणी साबण, मिथेनॉल आणि ग्लिसरिन घेऊन बाहेर पडते. अरुणावती नदीच्या काठच्या, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या भागात रोज हजार लिटर इंधन करणारा लहानसा कारखानाही किती पाणी आणणार आणि वापरलेले कुठे सोडणार, हा प्रश्न प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर असायला हवा.

करंज आणि मोहाचे काय?

करंजाचे तेल खाल्ले जात नाही, झाड रस्त्याच्या कडेला आणि पडीक जमिनीवर वाढते, म्हणून ते धोरणकर्त्यांचे लाडके. आयआयटी दिल्लीतील मेहेर, धर्मागड्डा आणि नाईक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात करंज तेलाचे ९७ ते ९८ टक्के रूपांतर ६५ अंशांना तीन तासांत साधले. पण अट तीच, तेलातील आम्ल आधी कमी हवे.

मोहाची परीक्षा याहून कठीण. आयआयटी खरगपूरमध्ये घाडगे आणि रहमान यांनी २००५ मध्ये मोहाच्या ज्या तेलावर काम केले, त्यात १९ टक्के मोकळी मेदाम्ले होती. त्यावर थेट कॉस्टिक सोडा घातला असता तर साबणाची कढईच झाली असती. त्यांनी आधी गंधकाम्ल वापरले. आम्लाच्या साक्षीने मोकळी मेदाम्ले मिथेनॉलशी जोडली जातात आणि त्यांचेही बायोडिझेल होते. मात्र या जोडणीत पाणी तयार होते आणि ते साचले की क्रिया अडते. म्हणून एक तास क्रिया, एक तास स्थिरावणे, वरचा मिथेनॉल-पाण्याचा थर काढणे, मग पुन्हा सगळे नव्याने. अशा दोन फेऱ्यांनंतर आम्ल एक टक्क्याच्या खाली आले आणि तिसऱ्या टप्प्यात नेहमीची क्रिया करून ९८ टक्के उत्पादन मिळाले.

हे यश मोठे आहे. त्याची किंमतही दिसते : तीन टप्पे आणि पूर्वप्रक्रियेलाच तेलाच्या ३० ते ३५ टक्के आकारमानाचे मिथेनॉल. शिवाय गंधकाम्ल झेलणारी भांडी. गंधकाम्ल मेदाम्लांवर बऱ्यापैकी वेगाने काम करते, पण मूळ तेलाच्या साखळ्या सोडवण्यात ते अल्कलीपेक्षा सुमारे चार हजार पट मंद, असे या विषयातील लेखनात सांगितले जाते. त्यामुळे ‘सगळेच काम आम्लाने उरका’ हा मार्गही बंद. मोहाचे तेल आदिवासी घरांत स्वयंपाकाला आणि अंगाला लावायला वापरले जाते, हेही विसरून चालणार नाही. ज्याला गावात गिऱ्हाईक आहे, त्याला टाकाऊ म्हणून चालत नाही.

तळलेले तेल गोळा होईल का?

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील ध्रुवीय घटकांची मर्यादा २५ टक्के केली. त्यापुढे गेलेले तेल खाण्यास वापरता येत नाही. त्याच वर्षी असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची ‘रुको’ मोहीम सुरू झाली. १० ऑगस्ट २०१९ रोजी, जागतिक जैवइंधन दिनी, सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांसाठी खरेदीची तयारी जाहीर केली. पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, मग ५२ रुपये ७० पैसे, मग ५४ रुपये ५० पैसे असे दर ठरले.

या योजनेचा साचा शहरी आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणासाठी वापरणाऱ्यांनाच नोंदी ठेवण्याचे बंधन आहे. आर्णीच्या बसस्थानकाजवळ किंवा महामार्गावर भजी-समोसे तळणारा रोजचे ५० लिटर कुठून वापरणार? तो नोंदीच्या बाहेर राहतो. त्याच्या कढईतले उरलेले तेल दुसऱ्या दिवशीच्या ताज्या तेलात मिसळते, नाहीतर कुणीतरी स्वस्तात घेऊन जातो. रसायनाच्या नजरेने हे तेल सरकीच्या ओल्या ढिगासारखेच आहे. पाणी, उष्णता आणि वेळ या तिघांनी त्यातही मेदाम्ले मोकळी केलेली असतात. शिवाय दहा कढयांचे तेल दहा प्रकारचे. सोमवारी आलेल्या पिंपाला चालणारे प्रमाण मंगळवारच्या पिंपाला चालत नाही. उसाच्या मळीचे इथेनॉल देशभर झपाट्याने वाढले त्यामागे दराची हमी होतीच, पण कच्चा माल बऱ्यापैकी एकसारखा होता हेही होते. तळलेल्या तेलाला हा एकसारखेपणा नाही.

महाराष्ट्रातील प्रयोगशाळांनी काय केले?

बरेच केले आणि नेमक्या याच दुखण्यावर केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत श्रीनिवास, रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी लोह-जस्ताचे एक घन उत्प्रेरक विकसित केले. त्यावरील शोधनिबंध २००६ मध्ये आला. या उत्प्रेरकाचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो. त्यामुळे तेलात पाणी आणि मोकळी मेदाम्ले असली तरी ते काम करत राहते, दोन्ही क्रिया एकाच वेळी करते आणि साबण होत नाही. घन असल्याने गाळून पुन्हा वापरता येते. अडचण तापमानाची. ही क्रिया १७० अंशांच्या आसपास करावी लागते आणि मिथेनॉल ६५ अंशांनाच उकळत असल्याने बंद, दाब झेलणारे भांडे हवे. कॉस्टिक सोड्याची उघडी टाकी परवडणारा उद्योजक इथे मागे सरतो.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी) केळकर, गोगटे आणि पंडित यांनी २००८ मध्ये वेगळ्या बाजूने हात घातला. द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण करून ते फोडायचे, की फुटताना तिथल्या तिथे प्रचंड घुसळण होते. ध्वनिलहरींनी किंवा द्रव अरुंद छिद्रांतून जोराने ढकलून असे बुडबुडे तयार करता येतात. या पद्धतीने मेदाम्लांचे मिथेनॉलशी जोडकाम सभोवतालच्याच तापमानाला, तीन तासांच्या आत, ९० टक्क्यांपलीकडे गेले. छिद्रांची पट्टी आणि एक पंप ही यंत्रणा तालुक्याच्या वर्कशॉपलाही समजण्यासारखी आहे. आर्णीसारख्या ठिकाणासाठी या दोहोंपैकी कोणता मार्ग जवळचा, तर हा दुसरा. पण प्रयोगशाळेतील लिटरभराचे यश आणि रोजच्या हजार लिटरचे उत्पादन यांच्या मधला पल्ला कुणीतरी पैसे घालून पार करावा लागतो.

दुसरीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांत बायोडिझेलवरचे विद्यार्थी प्रकल्प भरपूर होतात. अंड्याच्या टरफलाच्या चुन्यापासून उत्प्रेरक, करंज तेल, ६० मिनिटे, ९२ टक्के उत्पादन, अशा धाटणीचे. त्यांतील अनेकांत एकच आकडा असतो, तोही शेवटचा. गतिशास्त्राला तो पुरत नाही. पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या मिनिटाला नमुना काढून, तो लगेच थंड करून आणि आम्ल घालून क्रिया तिथल्या तिथे थांबवावी लागते. तीन-चार तापमानांना हेच पुन्हा करावे लागते. तेव्हाच कळते, की वेग मिसळण्याने अडला आहे की रसायनाने. ढवळण्याची मोटर मोठी घ्यायची की टाकी, हा पैशाचा निर्णय त्यावर ठरतो. आणि हे प्रयोग अमेरिकेतील शुद्ध सोयाबीनवर नको आहेत. पावसात भिजलेल्या सरकीच्या तेलावर हवे आहेत. नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेसारखी तेल-तंत्रज्ञानाची जुनी परंपरा असलेली संस्था आहे आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही. आर्णीपासून हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास.

तालुक्यात कारखाना टाकावा का?

याच तालुक्यातील दाभडी गाव २० मार्च २०१४ रोजी ‘चाय पे चर्चा’मुळे देशभर गाजले होते. कापसावरची प्रक्रिया कापूस पिकतो तिथेच व्हावी, ही या भागातील मागणी त्याच्याही कितीतरी आधीची. बायोडिझेल त्या मागणीत चपखल बसते असे वाटते. वेळेचा हिशेब मांडला की चित्र बदलते.

एक हजार लिटरची लहान टाकी घेऊ. तेल तापवून वाळवायला एक-दोन तास. मुख्य क्रियेला एक तास. ग्लिसरिन पूर्ण बसायला रात्रभर. दोन-तीनदा धुणे, प्रत्येक वेळी पाणी बसेपर्यंत थांबणे. मग पुन्हा वाळवणे, कारण मानकाला पाणी किलोमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आम्ल जास्त असेल तर या सगळ्याच्या आधी आम्लाच्या एक-दोन फेऱ्या. दिवसाच्या २४ तासांत रसायनाचे खरे काम एका तासाचे. बाकी वेळ तेलाच्या आधीच्या अवस्थेची आणि क्रियेनंतरच्या सफाईची भरपाई करण्यात जातो. क्रिया आणखी वेगवान करणाऱ्या उत्प्रेरकाने त्या एका तासाची अर्धा तास होईल. दिवस तेवढाच राहील.

त्यामुळे सरकारी योजना तालुक्याला छोटी अणुभट्टी वाटावी तशी बायोडिझेलची टाकी वाटू पाहतात, ते उलट्या टोकाने सुरू केल्यासारखे आहे. मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही. राज्यात ते साठवायला विषद्रव्य नियमांखाली परवाना लागतो आणि देशाला लागणारे बहुतांश मिथेनॉल आयात होते. ते पिंपांनी तालुक्या-तालुक्यात पाठवण्यापेक्षा, आम्ल कमी असलेले तेल तालुक्यातून एका मोठ्या, प्रयोगशाळा असलेल्या केंद्राकडे पाठवणे स्वस्त आणि सुरक्षित. अमरावती, नागपूर किंवा यवतमाळच्या औद्योगिक वसाहतीत असे एक केंद्र आणि भोवती आर्णी, दिग्रस, दारव्हा, महागाव, उमरखेड येथे तेल जमवणारी ठिकाणे, अशी मांडणी जास्त टिकेल.

तालुक्यावर तेव्हा काम कोणते राहते? सरकीची ओल मोजून ती वाळवणे, करंजाच्या बिया पावसाआधी उचलून लगेच गाळणे, भजीवाल्यांकडून आठवड्याला तेल नेणे. आणि प्रत्येक पिंपाची आम्लाची चाचणी. या चाचणीला क्रोमॅटोग्राफ लागत नाही. ब्युरेट, अल्कोहोल, मोजून केलेले अल्कलीचे द्रावण आणि फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, म्हणजे बारावीच्या विज्ञान शाखेच्या प्रात्यक्षिकातले साहित्य. रंग गुलाबी होईपर्यंत किती द्रावण लागले, यावर पिंपाचा दर ठरू शकतो. दुधाला फॅटवर भाव मिळतो, तसा तेलाला आम्लावर.

आज तसा भाव नाही. खरेदीची धोरणे लिटर मोजतात आणि तयार इंधनाची किंमत जाहीर करतात. कच्च्या तेलातील आम्ल कमी ठेवणाऱ्याला त्यात जादा काही मिळत नाही. सरकी कोरडी ठेवणाऱ्या जिनिंगवाल्यालाही नाही आणि तिसऱ्यांदा तेल न तापवता विकून टाकणाऱ्या हॉटेलवाल्यालाही नाही. एक टक्का आम्ल वाढले की पुढे किती सोडा, किती मिथेनॉल आणि किती पाणी जादा लागते, हे गतिशास्त्राच्या अभ्यासातून रुपयांत काढता येते. तोच आकडा खरेदीदराच्या तक्त्यात जायला हवा.

बनावट ‘बायोडिझेल’ कसे आले?

या पोकळीत दुसराच माल घुसला. २०१९ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी डिझेलमध्ये मिसळण्यासाठी बायोडिझेलच्या किरकोळ विक्रीला वाट करून दिली. त्यानंतर गुजरातमध्ये आणि महाराष्ट्रातही महामार्गांवर ‘बायोडिझेल’ अशी पाटी लावून औद्योगिक सॉल्व्हंटची मिश्रणे स्वस्तात विकली गेली. पोलीस आणि पुरवठा विभागाने छापे घातले. त्या पिंपांत वनस्पती तेलाचा अंश असेलच असे नव्हते. मालवाहतूकदाराच्या मनात मात्र बायोडिझेल म्हणजे इंजिन बिघडवणारे स्वस्त पाणी, असे समीकरण बसले.

खऱ्या बायोडिझेललाही साठवणीची मर्यादा आहे. सरकी आणि सोयाबीनच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण मोठे असल्याने त्यांचे इंधन हवेतील ऑक्सिजनने लवकर खवट होते. तापमान वाढले की हा वेगही वाढतो. जो उन्हाळा अभिक्रियेला फुकटची ऊब देतो, तोच पिंपातील तयार इंधन बिघडवतो. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सरकीच्या हंगामात इंधन तयार करून ते जूनच्या पेरणीपर्यंत ट्रॅक्टरसाठी राखून ठेवायचे असेल, तर ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये, हवाबंद टाकी आणि सावली लागते. तेलाच्या रूपात साठवावे की इंधनाच्या, हे त्या टाकीचा खर्च आणि तेलातले आम्ल किती वेगाने वाढते, या दोन आकड्यांवर ठरेल. त्यातला दुसरा आकडा मिळवण्यासाठी एक हंगाम, दर पंधरा दिवसांनी एक नमुना आणि ते ब्युरेट एवढेच पुरे.